मोडेल, पण पुन्हा जुळेल!

आपल्या घरात मूल एखाद्या यंत्राजवळ गेले की मोठ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "हात लावू नको, मोडेल!" शिलाई मशीन असो, मिक्सर असो की हप्त्याने घेतलेला मोबाईल. यात आईबापांचा दोष नाही. रोजंदारीच्या घरात एकदा मोडलेली वस्तू सहजासहजी पुन्हा येत नाही. परंतु या धाकाची किंमत मुलांना मोजावी लागते. मूल विज्ञानाची व्याख्या पाठ करते, परीक्षेत गुणही मिळवते. पण साधा स्क्रू उघडायचा म्हटले की दोन पावले मागे सरते.

या भीतीवर एक चांगला उतारा आहे. तो म्हणजे फोमचे, रिमोटवर उडणारे शिकाऊ विमान. ही वस्तू पडणार, मोडणार हे घेतानाच ठाऊक असते. ती पुन्हा जोडायची असते आणि जोडता जोडताच ती शिकायची असते.

विमानविद्येची सुरुवातही अशाच दुरुस्तीतून झाली. अमेरिकेतील राईट बंधू हे सायकली बनवणारे व दुरुस्त करणारे दुकानदार. 14 डिसेंबर 1903 रोजी थोरल्या विल्बरने विमानाचे नाक गरजेपेक्षा जास्त वर उचलले. वेग गेला, विमान खाली आपटले आणि पुढची चौकट मोडली. भावांनी ती दुरुस्त केली आणि 17 डिसेंबरला धाकटा ऑर्विल 12 सेकंद, 120 फूट उडाला. आज शिकणारा प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी विल्बरचीच चूक करतो!

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी त्यांनी सोडले नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये ते विमान मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवले गेले. पुढे त्याच्या चाचण्या कोठे झाल्या? आपला नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 पर्यंत ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्या धुळ्याच्या धावपट्टीवर.

आता हे लहान विमान समजून घेऊ. शिकाऊ विमानाचा पंख धडाच्या वर बसवलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असतात. त्यामुळे ते एका अंगावर कलले तरी दांडी सोडताच सरळ होऊ पाहते. पुढे मोटार व तिचा पंखा. शेपटीला दोन हलत्या पट्ट्या. आडवी पट्टी नाक वर-खाली करते, उभी पट्टी डावीकडे-उजवीकडे वळवते. या पट्ट्या हलवणाऱ्या, काडेपेटीहून लहान मोटारींना सर्वो म्हणतात.

सगळे यश तोलावर आहे. पंखाची रुंदी 20 सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खालून बोटे लावून, बॅटरीसकट विमान उचलून पाहावे. ते आडवे राहिले किंवा नाक जरासे झुकले तर ठीक. शेपूट खाली गेली तर उडवू नये. बॅटरी पुढे सरकवावी. नंतर मोटार न लावता गवतावर हाताने सोडून पाहावे. ते अलगद घसरत उतरले, म्हणजे उडवण्याजोगे झाले.

उडवण्याची वेळ सकाळची, वारा पडलेला असताना. जागा मोकळी, पीक निघालेले शेत चालेल. मिरची पसरलेली नसेल तेव्हा नंदुरबारच्या पथाऱ्याही चालतील, मात्र मालकाची परवानगी घेऊन. विजेच्या तारा, रस्ता, रेल्वेलाईन आणि गर्दी यांपासून लांब जावे. आधी रिमोट चालू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना याच्या उलट. पट्ट्या योग्य बाजूला हलतात ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. वाऱ्याकडे तोंड करून सोडावे आणि आधी उंची घ्यावी, कारण उंचीवर झालेली चूक सावरायला वेळ मिळतो. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. तेव्हा एकच लक्षात ठेवावे: जो पंख खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला दांडी ढकलावी.

तरीही ते पडेल. पडले की धावत जाऊन आधी बॅटरी काढावी आणि सगळे तुकडे गोळा करावेत. मग जोडण्याआधी बसून विचारावे, का पडले? नाक फार वर गेले? वारा मागून होता? बॅटरी उतरली होती? सर्वोची तार सुटली होती? विमान नशिबाने पडत नाही. कारण असते म्हणूनच परिणाम होतो, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. इथे ती मुलाच्या हातात येते.

दुरुस्ती अवघड नाही. फोम बहुधा स्वच्छ तुटतो. तुकडे आधी कोरडेच जुळवून पाहावेत. विमान थर्माकोलचे असेल तर फेव्हिक्विक लावू नये, ते थर्माकोल खाऊन टाकते. फेव्हिकॉल लावून रात्रभर सुकू द्यावे, किंवा पाच मिनिटांत घट्ट होणारे दोन नळ्यांचे अ‍ॅराल्डाईट वापरावे. तुटलेल्या पंखात बांबूची बारीक कामटी आडवी घालून वरून चिकटपट्टी ओढावी. संक्रांतीला पतंगाची कामटी बसवणाऱ्या आपल्या पोरांना हे काम शिकवावे लागत नाही. फक्त डिंक कमीत कमी लावावा. शेपटीकडे वजन वाढले की तोल बिघडतो, म्हणून दुरुस्तीनंतर तोल पुन्हा पाहावा. मोटारीचा पंखा मात्र चिरला असेल तर जोडू नये, नवाच लावावा. फिरता पंखा बोट कापू शकतो. घरात चाचणी घेताना तो काढून ठेवावा.

बॅटरीशी खेळ करू नये. लिथियमची बॅटरी फुगली, टोचली किंवा चेपली तर पेट घेऊ शकते. तिच्याच चार्जरवर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर चार्ज करावी. झोपताना लावून ठेवू नये. जवळ वाळूची बादली असावी. रेडिओवर चालणाऱ्या विमानाला 2021 चे ड्रोन नियम लागू होतात. म्हणून प्रतिबंधित क्षेत्र व नोंदणी यांची चौकशी करून, पोलीस ठाण्यात कल्पना देऊनच सुरुवात करावी.

कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असताना हे श्रीमंतांचे खेळ कशाला? त्यांनी बाबासाहेबांची आठवण करावी. ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हातांना काम होते, पण त्या कामामागचे शास्त्र आपल्याला नाकारले गेले. हात आणि डोके एकत्र आणण्याची ती मागणी होती. आज शेतात ड्रोनने फवारणी होते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने 15 हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तोल, बॅटरी, मोटार आणि दुरुस्ती यांची ओळख असलेली मुलगी अशा कामात मागे का राहील?

दुसराही लाभ आहे. 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवले, प्राचीन ग्रंथात विमानांची कृती आहे, असे आपल्याला ऐकवले जाते. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातील विमाने तपासली आणि ती उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना केलेला उपदेश आहे. ज्या पोराने तोल चुकलेले विमान नाकावर आपटताना पाहिले, त्याला ही पारख सांगावी लागत नाही.

खर्चाचे बोलू. रिमोट, मोटार, सर्वो, बॅटरी व चार्जर धरून 8 ते 10 हजार रुपये लागतात. एका घराला हे झेपणार नाही, वस्तीला झेपते. आणि तोवर थांबण्याचेही कारण नाही. टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे, हाताने फेकायचे विमान जवळजवळ फुकट होते. तोलाचा धडा त्यावरही तोच आहे. कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल तर तिथे विमानाच्या प्रतिकृती बनवणे हा शिक्षणाचाच भाग असतो; आपल्या मुलामुलींनी तिकडे जरूर नाव द्यावे.

माझी जयंती उत्सव समित्यांना विनंती आहे. येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे काही तास कमी करा आणि विहारासाठी एक विमान घ्या. ते एका घराच्या मालकीचे नको. आठवड्यातून एक सकाळ मुले आणि मुली सारख्याच संख्येने मैदानावर न्या. ज्याच्या हातून पडेल त्याला रागावू नका. त्याच्या हातात डिंक आणि कामटी द्या, आणि ते का पडले, हे सर्वांसमोर त्यालाच सांगू द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!