हिरड्यांवर उपचार केले की साखर उतरते का? दोन ट्रायल, दोन उत्तरं

‘पायरिया असलेल्यांमध्ये मधुमेह जास्त आढळतो’ आणि ‘पायरियावर उपचार केले की साखर उतरते’ ही दोन वाक्यं ऐकायला जवळपास सारखीच वाटतात. पण पहिलं निव्वळ निरीक्षण आहे आणि दुसरा कार्यकारणाचा दावा. संशोधनाकडे वळणार असाल तर या दोघांमधलं अंतर नीट ओळखता यायला हवं.

मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. १९९३ मध्ये हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची ‘सहावी गुंतागुंत’ म्हटलं होतं. उलट दिशेचा प्रश्न जास्त अवघड आहे. कल्पना अशी, की दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटींत जंतू साठतात आणि तिथे सतत दाह चालू राहतो. त्या दाहातली टीएनएफ-अल्फा, आयएल-६ यांसारखी रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. यंत्रणा पटण्यासारखी आहे. पण वय, तंबाखू, गरिबी या गोष्टी दोन्ही आजारांशी जोडलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या सर्वेक्षणातून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी ट्रायलच करावी लागते.

२०१३ मध्ये ‘जामा’त अमेरिकेतली एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली. टाइप-२ मधुमेहाचे ५१४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाच्या हिरड्यांची आतून खोल स्वच्छता केली, दुसऱ्याला ट्रायल संपेपर्यंत ते उपचार दिले नाहीत. सहा महिन्यांनी एचबीएवनसीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, फरक नव्हता. विषय संपला?

नाही. २०१८ मध्ये लंडनच्या एका ट्रायलचे निष्कर्ष आले. २६४ रुग्ण, मुदत १२ महिने. इथे खोल स्वच्छता, गरज असेल तिथे शस्त्रक्रिया आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा देखभाल असे उपचार होते. नियंत्रण गटाला फक्त वरवरची स्वच्छता. वर्षाअखेरीस उपचार गटाचं एचबीएवनसी सुमारे ०.६ टक्के-बिंदूंनी कमी होतं. एखादं जास्तीचं औषध सुरू केल्यावर मिळतो, त्याच्या आसपासचा हा फायदा.

मग खोटं कोण? कुणीच नाही. अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये उपचारांनंतरही अनेकांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. म्हणजे हिरड्याच पुरत्या बऱ्या झाल्या नव्हत्या, तर साखर कशी उतरणार? शिवाय तिथल्या रुग्णांचं एचबीएवनसी सुरुवातीला ९ च्या आतच होतं, म्हणजे खाली यायला जागाही कमी. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्याने अनेक ट्रायल एकत्र पाहिल्या आणि उपचारांनी तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ ने कमी होतं, असं मांडलं.

इथेच फॅमिली डेंटिस्टचं महत्त्व कळतं. लंडनमध्ये रुग्णांना मिळालेली गोष्ट म्हणजे एकदा येऊन कीटण काढून जाणं नव्हतं, ती वर्षभराची देखभाल होती. दात दुखला की जो क्लिनिक उघडा असेल तिथे जायचं, या आपल्या सवयीत ते बसत नाही. तोच डॉक्टर, तीच फाईल, मागच्या वेळची मापं समोर, असं असेल तरच हिरडी सुधारली की बिघडली हे कळतं. हिरड्या अचानक बिघडलेल्या दिसल्या तर ‘साखर तपासून घ्या’ असंही तोच सांगू शकतो. मात्र दातांचे उपचार हे मधुमेहाच्या गोळ्यांना पर्याय नव्हेत. त्या चालूच ठेवायच्या.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. पुढच्या वेळी ‘परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष वाचलात की तीन प्रश्न विचारा: नेमके उपचार कोणते होते? ते यशस्वी झाले होते का? आणि किती दिवस वाट पाहिली? उत्तरं बहुतेक वेळा गोषवाऱ्यात नसतात, ‘पद्धती’च्या विभागात आणि तक्त्यांमध्ये असतात. तिथपर्यंत वाचायची सवय आत्ताच लावून घ्या.