पाटीवरची हाक

पहाटे ३.४५
गजर व्हायच्या आधीच जाग आली. टर्कीच्या मादीची हाक काडी घासून काढतात त्या स्लेटच्या गोल पाटीला कालच पॉलिश पेपर मारून ठेवला होता. पाटी गुळगुळीत झाली की काडी नुसतीच घसरते, आवाज उमटत नाही. झाकण घासून हाक काढायची लाकडी डबी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, कारण दवाने भिजली तर ती मुकी होते. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नाही, हे दोनदा पाहिलं. वसंतात नर टर्कीचं डोकं याच रंगांचं होतं आणि झुडपाआडून दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढंच दिसू शकतं.

५.००
मिसूरीतल्या ओझार्क डोंगरांत, मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात धारेवर चढतोय. टॉर्च बंद. डॉगवुडची पांढरी फुलं अंधारातही दिसतात. एके काळी या राज्यातून रानटर्की जवळजवळ संपली होती. उरलेली जिवंत पकडून नव्या रानांत सोडली, जपली, आणि १९६० साली तीन दिवसांचा वसंत हंगाम झाला. त्यात ९४ पक्षी मिळाले. इथे चढताना तो आकडा मला दरवेळी आठवतो.

५.३०
तोंडाशी ओंजळ धरून पट्टेदार घुबडाची हाक दिली. ती ऐकून फांदीवरचा नर न राहवून ओरडतो. ओरडला! ओढ्यापलीकडे. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचा ओक शोधून पाठ टेकली.

५.४५
पाटीवर काडीने तीन मऊ यल्प, म्हणजे हाका, झोपेतून नुकत्या जाग्या झालेल्या मादीचे. त्याने लगेच उत्तर दिलं. हात शिवशिवतो, पण पुन्हा हाक द्यायची नाही. रानाची रीत अशी की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण त्यालाच बोलावतोय, म्हणजे उलटं मागतोय. फार हाका दिल्या तर ‘ही येतेच आहे’ असं समजून तो फांदीवरच बसून राहतो.

६.१५
पंखांची फडफड झाली, तो उतरला. पाठोपाठ खऱ्या माद्यांचे आवाज आले आणि सगळा घोळका टेकडीपलीकडे गेला. त्यांच्यापुढे माझी पाटी काय टिकणार!

७ ते ९.३०
चाललो, थांबलो, कावळ्याचा आवाज काढला. उत्तर नाही.

१०.००
माझ्या मते खरी वेळ हीच. माद्या एकेक करून अंडी घालायला घरट्याकडे जातात आणि नर एकटा पडतो. डबीच्या झाकणाला खडू फासला आणि पाच मोठे यल्प दिले. पाचवा पुरा व्हायच्या आत नराचं ओरडणं, गॉबल, आला. डबी खाली ठेवली. मग पाटीवर हलकेच एक क्लक, त्यामागे पोट भरलेल्या मादीची गुरगुर. आणि हाताने पाचोळा उकरला: खसखस, थांबा, पुन्हा खसखस. हे मला शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने शिकवलं. कित्येक नर हाकेला दाद देत नाहीत, पण चरणाऱ्या मादीच्या पायांच्या आवाजावर विश्वास ठेवतात.

नंतर वीस मिनिटं काहीच नाही. न ओरडता येणारा नर पुष्कळदा असाच येतो, आणि नेमके तेव्हाच आपण कंटाळून उठतो. मी उठलो नाही. मग नराचा घुमारा आला, कानांपेक्षा छातीत जाणवणारा. पण उजवीकडून. बंदूक डाव्या गुडघ्यावर, रोख डावीकडे. पंचवीस पावलांवर पिसारा पसरलेला, ऊन पडून तांबूस झालेला. मी इंचभर मान वळवली. ‘पट्!’ एवढाच तुटक आवाज झाला आणि तो झुडपांत नाहीसा झाला.

दुपारी १.००
सरकारी जंगलातली शिकारीची वेळ संपली. गोळ्या काढल्या, डबीला रबर लावलं.

संध्याकाळी ८.००
बंदूक घरी ठेवून परत धारेवर आलोय. सूर्य नुकताच बुडाला. एकदाच घुबडाची हाक दिली. ओढ्यापलीकडून, सकाळच्याच उतारावरून गॉबल आला. तो झाडावर चढलाय. उद्या ओढा अंधारातच ओलांडायचा आणि त्याच्या वरच्या अंगाला बसायचं.