बॉनेटखालचा डबा आणि अ‍ॅव्हरेजचा फंडा

शनिवारी पुण्यातून निघायचं, भोसरी-चाकणचं ट्रॅफिक झेलायचं, खेड मागे पडलं की मोकळा श्वास घ्यायचा आणि मंचरहून अवसरी बुद्रुकला वळायचं. वीकेंडला गावी पळणाऱ्या आपल्यासारख्यांचं हे ठरलेलं. २०२१ मध्ये पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यापासून मात्र पारावर पोहोचताच पहिला प्रश्न येतो... गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?

गावातल्या माझ्या एका मित्रानं यावर सॉलिड उपाय शोधला होता. बॉनेट उघडून म्हणाला, "हे बघ, पाण्यावरची गाडी!" बॅटरीशेजारी डबा, त्यात स्टीलच्या पट्ट्या, पाणी आणि कॉस्टिक पोटॅश. डब्यातून निघालेली नळी थेट इंजिनच्या हवेच्या पाइपात. "आता फक्त ट्यूनिंग राहिलंय!"

फंडा शाळेतलाच. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. हा वायू इंजिनात गेला की पेट्रोल वाचणार, असा दावा.

ओट्यावरचा हिशेब

आम्ही वही घेऊन बसलो. एका सेलमधून १ अ‍ॅम्पिअर वीज गेली, तर मिनिटाला साधारण ११ मिलिलिटर वायू मिळतो. हा फॅरेडेचा नियम, इथे घासाघीस नाही! ६ सेल आणि २० अ‍ॅम्पिअर धरले, तर मिनिटाला सव्वा लिटरच्या वर वायू. ऐकायला भारी, पण त्याला वीज लागते सुमारे २७५ वॉट आणि त्यातल्या हायड्रोजनमध्ये उरते जेमतेम १५० वॉट.

बरं, ही वीज फुकट आहे का? ती अल्टरनेटर बनवतो, त्याला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल पितं. इंजिन पेट्रोलमधली साधारण पाव ऊर्जाच कामाला लावतं, अल्टरनेटरही त्यातली निम्मीच विजेत बदलतो. म्हणजे या २७५ वॉटसाठी २ हजार वॉटहून जास्त पेट्रोल जळतं. दोन हजार रुपये देऊन दीडशे घरी आणायचे, असा हा धंदा!

"पण हायड्रोजनमुळे पेट्रोल पूर्ण जळतं ना?" मित्राचा पुढचा प्रश्न. गंमत अशी, की आजच्या इंजिनात जवळपास सगळं पेट्रोल जळतंच. वाया जाते ती उष्णता, रेडिएटर आणि सायलेन्सरमधून.

ट्यूनिंगची खरी गोम

मग काहींना फरक जाणवतो तो कसा? ट्यूनिंगच्या नावाखाली ऑक्सिजन सेन्सरला एक छोटं सर्किट जोडतात. ते गाडीच्या कॉम्प्युटरला चक्क थाप मारतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. थोडं पेट्रोल वाचलं, तरी ते या कपातीमुळे, पाण्यामुळे नव्हे. त्याची किंमत म्हणजे मिसफायर, जास्त तापलेलं इंजिन आणि धोक्यात आलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. शिवाय किट बसवताना आपण एअर फिल्टर साफ करतो, टायरमध्ये हवा भरतो आणि पुढचे चार दिवस अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबतो. अ‍ॅव्हरेज वाढणारच!

धोकाही छोटा नाही. हायड्रोजन पेटायला पेट्रोलच्या वाफेपेक्षा कितीतरी लहान ठिणगी पुरते आणि इथे तो ऑक्सिजनमध्ये आधीच मिसळलेला. ज्योत उलटी नळीतून डब्यात शिरली, तर डबा फुटतो आणि पोटॅशचं पाणी डोळ्यांवर उडतं. पाणी तापलं की वीज जास्त ओढली जाते, त्यानं पाणी आणखी तापतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, हेही लक्षात ठेवा.

स्वप्न जुनंच

अमेरिकेत स्टॅन्ली मेयरच्या 'पाण्यावरच्या गाडी'ला १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टानं फसवणूक ठरवलं. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लैचं 'वनस्पती पेट्रोल' आपल्याकडे गाजलं. २०१६ मध्ये त्याला शिक्षा झाली.

म्हणजे हायड्रोजन खोटा? मुळीच नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच केपीआयटी आणि सीएसआयआरची हायड्रोजन फ्युएल सेल बस सादर झाली. फरक एवढाच, की तिथे हायड्रोजन बाहेर तयार करून टाकीत भरायचा असतो. चालत्या गाडीनं स्वतःच्या पेट्रोलवर तो बनवायचा नसतो.

तरी खात्री हवी? मग रस्ता तोच, टाकी फुल ते फुल, आणि किटचं बटण दुसऱ्याच्या हातात. ते चालू की बंद, हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. दोन्ही प्रकारे चार-चार फेऱ्या करा, आकडेच बोलतील.

मित्र गप्प बसला. याच गाडीतून तो आईला मंचरच्या दवाखान्यात नेतो. संध्याकाळी त्यानं पाना घेतला आणि डबा खाली उतरवला. शेतावरून आलेल्या त्याच्या वडिलांनी तो पाहिला आणि एका वाक्यात विषय मिटवला.

"पाणी कांद्याला घाल रं बाबा, अन् गाडीच्या चाकात आधी हवा भर!"