मीटरवरच्या शून्याचा अर्थ

गॅस गळला की वास येणारच, ही समजूत स्वयंपाकघरातून आलेली आहे. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. सुपेला-भिलाईत ही समजूत आणखी पक्की व्हायला दुसरंही कारण आहे. तिथल्या पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनचा गॅस हायड्रोजन सल्फाइड आणि डांबराच्या वाफेमुळे नाकाला झोंबतो. ब्लास्ट फर्नेसचा गॅस मात्र तसा इशारा देत नाही. त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला ना रंग ना वास. १२ जून २०१४ रोजी भिलाई कारखान्यात पाण्याचा दाब घसरला आणि हा गॅस पाण्याच्या वाटेने पंपघरात शिरला. दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जण दगावले. अनुभवी नाकाचा तिथे काय उपयोग?

मग यंत्राला ‘नाक’ म्हणायचा मोह होतो, आणि इथेच दुसरा गैरसमज रुजतो. सेन्सर वास घेत नाही, तो वीज मोजतो. कार्बन मोनॉक्साइडच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये आम्लात बसवलेले तीन इलेक्ट्रोड असतात. वायू पहिल्यावर पोहोचला की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि इलेक्ट्रॉन सुटतात; दुसरा विजेचं मंडल पूर्ण करतो, तिसरा पहिल्याचा विद्युतदाब ढळू न देण्यासाठी असतो. प्रवाह इतका क्षीण की दशलक्ष भागांत एक भाग वायूला, म्हणजे एक पीपीएमला, काही दशक नॅनोअँपिअर. पडद्यावरचा आकडा म्हणजे या प्रवाहावरून काढलेलं अनुमान, आणि अनुमान चुकू शकतं. हायड्रोजनही त्याच इलेक्ट्रोडवर थोडाफार जळतो; कोक ओव्हनच्या गॅसमध्ये निम्म्याहून अधिक हायड्रोजनच असल्याने तिथे आकडा फुगतो. ही चूक निदान सावध करणारी असते.

‘गॅस डिटेक्टर’ लावला म्हणजे सगळे वायू कळतील, ही समजूत त्याहून घातक. स्फोटाचा धोका मोजणारं यंत्र वेगळं असतं. कार्बन मोनॉक्साइड हवेत १२.५ टक्के झाल्याशिवाय पेट घेत नाही. त्या मर्यादेच्या दहा टक्क्यांवर भोंगा लावला, तरी तो वाजेपर्यंत हवेत १२,५०० पीपीएम वायू झालेला असतो. जिवाला तातडीचा धोका १,२०० पीपीएमलाच मानतात. म्हणजे यंत्र बिघडलेलं नसताना, नेमून दिलेलं काम चोख करताना, माणूस पडू शकतो.

यावर कोणी म्हणेल, आजची यंत्रं स्वतःची तपासणी स्वतःच करतात. काही अंशी खरं आहे. नियंत्रण कक्षाकडे जाणारा संकेत ४ ते २० मिलिअँपिअरचा ठेवतात, त्यात शून्य वायूला ४ हा आकडा हेतुपूर्वक दिलेला आहे: तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो आणि बिघाड लगेच कळतो. रचना मोठी हुशारीची आहे. पण ती शाबूत ठरवते तार आणि मंडल. ज्याचं आम्ल कोरडं पडलंय किंवा ज्याचं तोंड धुळीने बुजलंय असा सेन्सरही ४ मिलिअँपिअरच पाठवतो, स्वच्छ हवेतल्या धडधाकट सेन्सरसारखाच. काही यंत्रं सेलची विद्युत तपासणीही करतात, तरी बुजलेलं तोंड त्यातून सुटू शकतं. खात्रीचा उपाय जुनाच आहे: ठाऊक प्रमाणाचा वायू सेन्सरवर सोडायचा आणि आकडा चढतो का ते पाहायचं. यात वेळ जातो, वायूची टाकी संपते, उत्पादनाच्या घाईत हे काम पुढे ढकलावंसं वाटतं. पण ते टाळल्यावर वहीत नोंदवलेल्या शून्याला पुरावा म्हणता येत नाही. राहिला प्रश्न जागेचा. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका, म्हणून सेन्सर छताला टांगण्यात अर्थ नाही. तो श्वासाच्या उंचीवर हवा, आणि पंपघरात उतरणाऱ्याच्या कॉलरला आणखी एक.