समुद्रावरच्या वायफायचा खामगावातला हिशेब

खामगावातून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. बुलढाणा जिल्ह्यात मोठं पाणी बघायचं तर लोणारचं सरोवर, नाही तर नळगंगा, खडकपूर्णा ही धरणं. तरीही दिवाळीच्या तोंडावर माझ्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात निम्मी चौकशी क्रूझची असते. चारधाम, तिरुपती, अष्टविनायक करून झालेली रिटायर्ड मंडळी आता मुंबई–गोवा जहाजाचे दर विचारतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीने कॉर्डेलिया क्रूझेसच्या सहली विकायला घेतल्या, तेव्हापासून ही हौस आमच्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला, जेवण शाकाहारी मिळेल ना? दुसरा, वायफाय फ्री आहे ना? पहिल्याचं उत्तर एका वाक्यात होतं. दुसऱ्यात माझा दिवस जातो. त्यातलाच हा एक दिवस.

सकाळी ८

शटर वर करतोय तोच पायरीवर मावशी बसलेल्या. लाखनवाड्याकडच्या गावातून पहिल्या एसटीने आल्यात. त्यांचा मुलगा अमेरिकन कंपनीच्या जहाजावर किचनमध्ये आहे. त्याची मुंबईची तिकिटं मी काढून दिली होती, म्हणून जहाजाचं काहीही झालं की त्या माझ्याकडे येतात.

"भाऊ, परवापासून एकच टिक येऊन रायली. फोन बी लागत नाही. माह्या पोराचं काही बरंवाईट तं नाही ना झालं?"

मी त्यांना आधी चहा देतो, मग घड्याळ समजावतो. जहाज कॅरिबियनमध्ये आहे, घड्याळ फ्लोरिडाचं. ऑक्टोबरात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. आपल्याकडे सकाळचे आठ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. पोरगा आत्ता कुठे शिफ्ट उरकून खोलीत गेला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवर एक टिक म्हणजे निरोप त्याच्या फोनपर्यंत गेलेला नाही, एवढंच. एक तर नेटचा पॅक संपला असेल, नाही तर पैसे वाचवायला त्यानेच बंद ठेवला असेल.

बऱ्याच जहाजांवर कामगारांना नेट विकतच घ्यावं लागतं. प्रवाशांपेक्षा स्वस्त मिळतं, पण जातं पगारातूनच, तेही डॉलरमध्ये. घरी पैसे पाठवणारा पोरगा पहिली काटकसर तिथेच करतो. याबाबत आता आंतरराष्ट्रीय नियम आहे. २००६ च्या सागरी कामगार कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. जहाजमालकाने खलाशांना शक्य तितपत इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं त्यात म्हटलंय.

"वाजवी म्हंजे किती?" मावशी विचारतात.

नेमका प्रश्न आहे. नियमात आकडा कुठेच नाही.

सकाळी ९.३०

व्हाउचर छापण्याचं काम. शेगावहून विदर्भ एक्सप्रेसने निघणाऱ्या एका ग्रुपची कागदपत्रं आज द्यायची आहेत. मी प्रत्येक पॅकेजमध्ये 'समाविष्ट' आणि 'समाविष्ट नाही' हे दोन रकाने पेनाने अधोरेखित करून देतो. खोली, जेवण, करमणुकीचे कार्यक्रम पहिल्या रकान्यात. इंटरनेट बहुतेक वेळा दुसऱ्यात, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. लोक पहिला रकाना वाचतात आणि बॅग भरतात.

परदेशी मोठ्या जहाजांवर प्रवाशाला नेटसाठी एका फोनमागे दिवसाला साधारण २० ते ३० डॉलर मोजावे लागतात. म्हणजे पावणेदोन ते पावणेतीन हजार रुपये. आपल्याकडे जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरही जिओचा रोज दीड जीबीचा, २८ दिवसांचा रिचार्ज २९९ रुपयांना पडला. इथल्या जवळजवळ महिन्याच्या खर्चाच्या सहा ते नऊ पट पैसे तिथे एका दिवसात जातात. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मला पुढचा अर्धा तास कारणं सांगावी लागतात.

सकाळी ११

गुरुजी आणि बाई आल्यात. दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. गुरुजींनी वही आणलीय, मी सांगेन ते लिहून घेणार. फोन काउंटरवर ठेवतो आणि एकेक गोष्ट त्यांच्याच बोटाने करायला लावतो.

आधी डेटा रोमिंग बंद. मग फ्लाइट मोड चालू. विमानाचं चिन्ह वर दिसलं की मग वायफाय वेगळं चालू. "फ्लाइट मोडमध्ये वायफाय चालतं?" गुरुजींचा पहिला प्रश्न. चालतं. फ्लाइट मोड कशासाठी, तर खोल समुद्रात जहाजावर स्वतःचा मोबाइल टॉवर चालू होतो. आपला फोन मुकाट त्याला जाऊन चिकटतो आणि पॅक नसेल तर बिल एमबीच्या हिशेबाने फिरायला लागतं. आपण झोपलेलो असतो, फोन मात्र फोटोंचा बॅकअप घेत असतो.

म्हणून पुढचं काम गॅलरीचं. फोटोंचा आपोआप बॅकअप बंद. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप डाउनलोड बंद. 'शुभ प्रभात'चे फुलांचे व्हिडिओ पाठवणारे ग्रुप गुरुजींच्या फोनमध्ये भरपूर आहेत. ते सगळे समुद्रात उतरायला लागले तर पॅक नाश्त्यालाच संपेल.

बाईंना वेगळी शंका आहे. "पॅक जहाजावर गेल्यावरच घेतला तर?"

घेता येतो, पण कार्डाने पैसे भरायचे तर बँक ओटीपी पाठवते एसएमएसने. त्यासाठी मोबाइलचा टॉवर लागतो आणि तो आपण बंद केलेला. यूपीआयलाही नेट नाही तर मोबाइलचा टॉवर लागतोच. नेट घ्यायला नेट लागतं, असा सगळा मामला. म्हणून पॅक घ्यायचाच असेल तर घरूनच घ्यावा. बऱ्याच कंपन्यांकडे आगाऊ घेतला तर स्वस्तही पडतो. गुरुजी वहीत 'ओटीपी' लिहून त्याखाली दोन रेघा मारतात.

दुपारी १२.३०

जिनिंगवाले शेठ आलेत. कापसाचा हंगाम सुरू होतोय, तरी घरच्यांनी हट्ट धरलाय म्हणून तीन रात्री जहाजावर घालवायच्या आहेत. त्यांची अट एकच. जिनिंगच्या आवारातले सीसीटीव्ही कॅमेरे मोबाइलवर दिसत राहिले पाहिजेत.

"हजार-दोन हजार जास्त लागले तरी चालतील, पण फास्ट पाहिजे."

पैसे मोजले की फास्ट मिळेलच, असं समुद्रावर नसतं. मी कागदावर पृथ्वीचा गोळा काढतो. चालत्या जहाजाला केबल जोडता येत नाही, किनाऱ्याचा टॉवर पोचत नाही. जहाजाच्या माथ्यावर पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत अँटेना असतात. जहाज कितीही हललं तरी त्या उपग्रहाकडेच तोंड करून राहतात. वर्षानुवर्षं हे उपग्रह होते ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचे. आपण बटण दाबलं की संदेश वर जातो, खाली येतो, आणि उत्तरही त्याच वाटेने वर-खाली करतं. सगळा मिळून जवळपास १ लाख ४३ हजार किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा निम्मा सेकंद तिथेच गेला. म्हणूनच जहाजावरून फोन आला की दोघंही एकदम "हॅलो हॅलो" करतात आणि मग दोघंही एकदम गप्प होतात.

आता चित्र बदललंय. ओ-थ्री-बी नावाचे उपग्रह ८ हजार किलोमीटरवर आहेत, स्टारलिंकचे साधारण ५५० किलोमीटरवर. रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवण्याचं जाहीर केलं, मग इतर मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. थांबायचा वेळ कमी झाला, व्हिडिओ कॉल जमायला लागले. पूर्वी हेच नेट मिनिटावर विकलं जायचं. पान उघडेपर्यंतच पैसे संपायचे.

"मग आता भाव का नाही उतरले?" शेठ व्यापारी आहेत, बरोबर जागी बोट ठेवतात.

सैलानीच्या यात्रेत गर्दीच्या दिवशी पाण्याची एकच गाडी उभी असेल तर बाटलीचा भाव तो गाडीवालाच ठरवतो. जहाजावर नेट विकणारा एकच, आणि गिऱ्हाईक उतरून दुसरीकडे जाऊ शकत नाही. उपग्रहाचा खर्च खरा आहे, पण भाव नुसत्या खर्चावर ठरत नाही. त्यात वाटेकरीही पुष्कळ. जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी मावतात. दहा हजार माणसं एकाच जोडणीवर. संध्याकाळी सगळे सूर्यास्ताचे फोटो पाठवायला बसले की वेग बसलाच. त्यातून जहाज पोलादाचं, आतल्या खोल्यांत सिग्नल आणखी क्षीण.

शेठना मी सांगतो, सीसीटीव्ही विसरा. मुनीमजींना सांगून ठेवा, दिवसातून दोनदा रुईचा भाव आणि गाड्यांचा आकडा साध्या मेसेजने पाठवायचा. मजकूर कुठल्याही पॅकवर जातो. त्यांना पटतं, पण आवडत नाही.

दुपारी ४

मुंबईहून फोन. आमचं एक कुटुंब आत्ता जहाजात चढतंय. मुंबईत इंदिरा डॉकवर नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालंय, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हापासून तिकडची चर्चा आहे. मुलगी विचारते, "काका, इथे तर फुल रेंज आहे, मग पॅक कशाला घ्यायचा?"

धक्क्याला असताना किनाऱ्याचे टॉवर मिळतात. जहाज सुटल्यावरही थोडा वेळ मिळत राहतात, मग एकेक कांडी कमी होते. तेवढ्या वेळात सगळ्यांचे फोन उरकून घ्या, आणि एक कांडी उरली की फ्लाइट मोड. तीन रात्रींच्या सहलीत मधे गोवा लागतं, तिथे पुन्हा आपलंच नेट. कोणाची परीक्षा नाही, कोणी आजारी नाही, तर पॅक घेऊच नका, असं मी तिला स्पष्ट सांगतो. यात माझं कमिशन बुडत नाही, आणि बुडालं असतं तरी हेच सांगितलं असतं.

आपल्या देशात हे सगळं तसं नवंच आहे. विमानात आणि जहाजात इंटरनेट-फोन देण्याचे नियम केंद्र सरकारने केले डिसेंबर २०१८ मध्ये. टाटा समूहातल्या नेल्कोने २०१९ मध्ये जहाजांसाठी सेवा सुरू केली. त्या नियमांआधी भारतीय हद्दीत अशी सेवा देण्याची रीतसर चौकटच नव्हती.

संध्याकाळी ५.३०

रोमिंगचं बिल घेऊन एक गृहस्थ आलेत. तिकीट दुसरीकडून काढलेलं, सल्ला माझ्याकडे. परदेशातल्या क्रूझवर गेले, फ्लाइट मोड माहीत नव्हता, रात्रभर फोन जहाजाच्या टॉवरवर राहिला. बिल सहलीच्या खर्चाशी स्पर्धा करणारं. मोबाइल कंपनी म्हणते, तुम्ही वापर केलाय. ते म्हणतात, मी झोपलो होतो. दोघंही खरं बोलतायत. कंपनीकडे लेखी तक्रार करा, नंबर घ्या, दाद लागली नाही तर वर अपील करा, एवढं मी सुचवतो. अर्ज मात्र लिहून देतो, तेवढं शेजारधर्म म्हणून.

संध्याकाळी ७

गर्दी ओसरली. ऑफिसात काम करणारा पोरगा संग्रामपूर तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. त्याच्या गावाकडे आजही फोन लावायचा तर टेकाडावर चढावं लागतं. दिवसभर जहाजाच्या गोष्टी ऐकून तो विचारतो, "सर, जहाजावर उपग्रहानं नेट येते, तं आमच्या पाड्यावर काऊन नाही येत?"

येऊ शकतं. स्टारलिंकला भारत सरकारचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्याशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आमच्या शेजारचा वाशिम ही नावं आहेत. बुलढाण्याचं नाव मी त्यात वाचलं नाही. पण तंत्र आलं म्हणजे परवडणारं नेट आलं, असं होत नाही. ते क्रूझच्या धंद्याने पुरतं दाखवून दिलंय.

रात्री ८.३०

मावशींच्या पुतण्याचा फोन. पोराचा फोन आला होता. जहाज बंदराला लागलंय, तिकडे सकाळचे अकरा. खाली उतरून फुकटच्या वायफायवर बोलला. पॅक संपला होता, पुढचा पगारानंतर घेणार. बऱ्याच बंदरांत खलाशांसाठी केंद्रं असतात. १८५६ पासून काम करणाऱ्या 'मिशन टू सीफेअरर्स'सारख्या संस्था ती चालवतात. पुढच्या वेळी अशा केंद्राची चौकशी कर, असा निरोप मी पाठवतो.

शटर ओढण्याआधी उद्याच्या गिऱ्हाइकांसाठी चिठ्ठ्या छापून ठेवतो. वाचकांनीही जहाजाचं तिकीट काढण्याआधी एवढं विचारून घ्यावं: नेट पॅकेजमध्ये आहे की वेगळं? पॅक एका फोनचा की सगळ्यांचा? नुसत्या मेसेजचा की व्हिडिओ कॉलचाही? आगाऊ घेतला तर कितीला? आणि घरातलं पोरगं जहाजावर नोकरीला निघालं असेल तर करारावर सही करण्याआधी पगार, सुट्टी, विमा यांच्याबरोबर क्रूच्या नेटचा दरही लिहून मागावा. प्रवाशाला तीन दिवस नेट नसलं तर सहल उलट छानच होते. आठ-नऊ महिने समुद्रावर राबणाऱ्याच्या घरी मात्र तो दर महिन्यागणिक मोजावा लागतो.