खोडदची बिनपडद्याची ग्राफिक्स कार्डं

अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात काय, किंवा मंचर-नारायणगावात घरच्या घरी गेमिंग पीसी जुळवणाऱ्या पोरांत काय, बजेट ठरलं की एक वाद हमखास निघतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवाला मॉनिटर घ्यायचा, की साधा मॉनिटर घेऊन उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे? दोन्ही बाजूंना आकडे तोंडपाठ असतात. हा वाद निम्मा तरी मिटवील अशी जागा मात्र त्यांच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत, ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस राबतात आणि त्यांना मॉनिटर जोडलेला नाही. जोडताही येणार नाही, कारण पडद्याची वायर लावायला त्या कार्डांना जागाच ठेवलेली नसते.

आधी वाद समजून घेऊ. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने रंगवतो. ग्राफिक्स कार्डाला असं वेळापत्रक नसतं. गेममधल्या रिकाम्या बोळात त्याची फ्रेम आठ मिलिसेकंदांत तयार होते. तेच चार स्फोट एकदम झाले, धूर उठला की पंचवीस लागतात. पडदा अर्धा रंगवून झालेला असताना नवी फ्रेम आली तर चित्र मधोमध फाटतं: वर जुना क्षण, खाली नवा. हे टाळायला व्ही-सिंक आलं. त्याने कार्डाला दारात उभं केलं. पडद्याची पाळी येईपर्यंत फ्रेम बाहेर सोडायची नाही. मग १७ मिलिसेकंदांत तयार झालेली फ्रेम निसटत्या फरकाने पाळी चुकवते आणि थेट ३३ व्या मिलिसेकंदाला दिसते. खेळ अडखळतो आणि माऊस जड वाटायला लागतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकने थांबण्याचं काम पडद्याकडे दिलं. फ्रेम तयार झाली की पडदा रंगवायला घेतो, तोवर गप्प बसतो. नारायणगाव तमाशाची पंढरी, तेव्हा तिथल्यांना हे वेगळं सांगायला नको: कसलेला ढोलकीवाला नाचणारीच्या पावलाकडे बघून थाप देतो. एनव्हिडियाने जी-सिंक जाहीर केलं ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा स्वतंत्र बोर्ड बसवावा लागे आणि किंमत चढे. मे २०१४ मध्ये व्हेसा या प्रमाणसंस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या प्रमाणात घेतलं, त्यावर एएमडीने फ्रीसिंक उभारलं. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरवर चालू दिली आणि ‘कुठल्या कंपनीचं कार्ड, कुठल्या कंपनीचा मॉनिटर’ हे भांडण बरंचसं संपलं.

आता खोडद. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपची कल्पना प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९८४ च्या सुमारास मांडली. नव्वदच्या दशकात ती उभी राहिली आणि २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं एनसीआरए हे केंद्र ती चालवतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या १४ मधल्या चौकात साधारण एक किलोमीटरच्या आत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाहूंवर, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून दूरवर गेलेल्या. टोकाच्या दोन तबकड्यांत २५ किलोमीटर अंतर पडतं. तबकडीला पत्रा नाही. ताणलेल्या पोलादी दोरांवर तारेची जाळी आहे, वारा आरपार जातो, म्हणून एवढी मोठी वस्तू स्वस्तात उभी राहिली. फोटो सगळे या तबकड्यांचेच निघतात. माझ्या मते मात्र दुर्बीण तयार होते ती मधल्या इमारतीतल्या संगणकांत. बाहेरच्या तबकड्या नुसतं ऐकतात. प्रत्येक तबकडीचा आवाज दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या आवाजाशी गुणला जातो, तेव्हा कुठे आकाशाचं चित्र जुळतं. ३० तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात.

हे गुणाकार सुरुवातीला त्यासाठीच बनवलेल्या चिप करत आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची वारंवारतेची पट्टी हाताळत. २०१० च्या आसपास तीच रुंदी बाजारात मिळणाऱ्या संगणकांवर, सॉफ्टवेअरने पेलली जाऊ लागली. पुढे दुर्बिणीचं नूतनीकरण झालं, पट्टी ४०० मेगाहर्ट्झची झाली आणि साध्या प्रोसेसरांचा जोर कमी पडला. तेव्हा ग्राफिक्स कार्डं आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेत एनव्हिडियाची टेस्ला के४० कार्डं आहेत: प्रत्येकी २,८८० गणक-गाभे आणि १२ गिगाबाइट मेमरी. हे कार्ड जाहीर झालं नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे जी-सिंकनंतर महिन्याभरात. कंपनी एकच होती. एका वस्तूने कार्डाला उशीर करायची मुभा दिली, दुसरी जिथे पोचली तिथे उशिराला माफीच नाही.

ती का नाही, हे हिशोबाने दिसतं. ४०० मेगाहर्ट्झची पट्टी टिपायची तर सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीकडून दोन ध्रुवणांचे दोन संकेत येतात, म्हणजे एकूण ६०. सेकंदाला ४,८०० कोटी नमुने, आणि निरीक्षण तासन्‌तास चालतं. मेमरीचा एक कप्पा भरत असताना कार्ड आधीचा कप्पा सोडवतं. तो वेळेत सुटला नाही तर नवी माहिती जुनीवर येऊन पडते आणि आकाशाचा तेवढा तुकडा कायमचा जातो. आकाश काही पुढची फ्रेम धरून बसत नाही.

त्यात ‘एकाच वेळी’ म्हणजे काय, हाच मोठा प्रश्न. एखादा तारा पूर्वेला असेल तर त्याची लहर पूर्वेच्या तबकडीवर आधी पोचते, पश्चिमेच्या नंतर. २५ किलोमीटरला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ६६ हजारांवर नमुने होऊन जातात. शिवाय तबकडीकडून मधल्या इमारतीत संकेत येतो काचतंतूतून, आणि काचेत प्रकाश सेकंदाला दोनच लाख किलोमीटर धावतो. १४ किलोमीटरला ७० मायक्रोसेकंद आणखी. ही दुसरी तफावत जवळजवळ ठरलेली असते. पहिली मात्र पृथ्वी फिरते म्हणून क्षणोक्षणी बदलते. तेव्हा एका तबकडीचे नमुने इतके हजार घरं मागून वाचायचे, हा झाला पूर्ण नमुन्यांचा हिशोब. उरलेला पाव-अर्ध्या नमुन्याचा फरक असा सरकवता येत नाही. तो संकेताचे वारंवारतेनुसार तुकडे केल्यावर प्रत्येक तुकड्याला किंचित फिरवून भरून काढावा लागतो. गेममध्ये पडदा एकाच कार्डाची वाट पाहतो. इथे ६० संकेतांना नमुन्याच्या अंशापर्यंत एका रेषेत आणायचं आणि तेही न थांबता. या जुळणीवर आलेलं पीक मोठं आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा ४०१ मेगाहर्ट्झचा क्षीण संकेत खोडदला ऐकला जात होता. अपेक्षित वेळेआधीच तो तुटल्याचंही इथेच कळलं. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर झाल्या, त्यात स्पंदक ताऱ्यांच्या इथे मोजलेल्या वेळा होत्या.

  

खोडदवरून खरेदीचा धडा घ्यायचा तो असा, की कार्डाची सरासरी बघू नका. तिथे कार्ड निवडताना सरासरी वेग किती हे विचारून भागत नाही. सगळ्यात अवघड क्षणी ते वेळेत संपवेल का, हे विचारावं लागतं. साध्या मॉनिटरवर गेम खेळणाऱ्याचंही तेच आहे. फ्रेम कधीच चुकू नये असं वाटत असेल तर स्फोटाच्या क्षणालाही १६.७ मिलिसेकंदांत बसणारं महागडं कार्ड लागतं, आणि उरलेला वेळ ते निम्म्या ताकदीवर बसून राहतं. पडदा थांबायला तयार असेल, तर सेकंदाला ४५ ते ८० फ्रेमच्या दरम्यान हेलकावणारं मधल्या किमतीचं कार्डही गुळगुळीत दिसतं. म्हणून बजेट बेताचं असेल तर माझं मत मॉनिटरच्या बाजूने आहे. कार्ड तीन-चार वर्षांत बदलावंसं वाटतं. चांगला मॉनिटर दोन कार्डं बघतो.

फक्त पेटीवरच्या ठशावर जाऊ नये. सिंक कितीपासून कितीपर्यंत चालतं तो पल्ला बघावा. ४८ ते ७५ हर्ट्झवाल्या मॉनिटरवर फ्रेम ४८ च्या खाली घसरल्या की जुनाच त्रास परत. ४८ ते १४४ वाल्यात खालच्या वेगाला एकच फ्रेम दोनदा दाखवून निभावता येतं, कारण ४० ची दुप्पट ८० पल्ल्यात बसते. ७५ वाल्यात ती बसत नाही. ज्याचं कार्ड कायम दीडशेच्या वर फ्रेम काढतं, किंवा जो फक्त बुद्धिबळ आणि जुने गेम खेळतो, त्याला फरक फारसा जाणवणार नाही. आणि घरी आणल्यावर मॉनिटरच्या मेनूत, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये सिंक चालू आहे ना, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरच अडकलेला नाही ना, ते बघून घ्यावं. बऱ्याच मॉनिटरांत सिंक कारखान्यातून बंदच येतं.