छपराचं पाणी आधी टाकीत

अहमदपुरातल्या एखाद्या मध्यम घरावर 50 चौरस मीटर पत्रा असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढा एकच हिशेब इथे पुरतो. लातूर जिल्ह्याची वार्षिक सरासरी 800 मिलिमीटरच्या आसपास धरतात. आपण हात आखडून 700 धरू. उडालेलं, सांडलेलं आणि सुरुवातीला सोडून दिलेलं मिळून पाचवा हिस्सा वजा केला तरी त्या पत्र्यावरून वर्षाला 28,000 लिटर पाणी उतरतं. पाच माणसांना पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 25 लिटर लागतं असं मानलं, तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या 240 दिवसांची गरज भरते 6,000 लिटर. म्हणजे पावसाळा संपताना 6,000 लिटरची एक टाकी काठोकाठ असली की त्या घराला पिण्याच्या पाण्यासाठी ना टँकरची वाट पाहावी लागेल, ना जार विकत घ्यावा लागेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पाऊसच पडला नाही तर? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर छपराच्या बाजूनेच जातं. मराठवाड्याच्या दुष्काळात पाऊस शून्य होत नाही, तो निम्म्यावर येतो. मात्र पाऊस निम्मा झाला म्हणून धरण निम्मं भरत नाही. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या सरी त्या भेगाच गिळतात. जमीन तृप्त झाल्यावर उरलेलं पाणी ओढ्याला लागतं, ओढ्यातून नदीला आणि नदीतून धरणाला. पाऊस तुटक आणि हलका असला की ही साखळी मध्येच थांबते. पत्र्याला भेगा नाहीत, त्याला तहानही नाही. पाच मिलिमीटरची सर आली तरी पन्हाळ वाहू लागते. म्हणून निम्म्या पावसाच्या वर्षातही आपल्या 50 चौरस मीटरवरून 14,000 लिटर मिळतं, गरजेच्या दुपटीहून जास्त. 2015 च्या पावसाळ्यानंतर मांजरा धरण कोरडं पडलं आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हाही लातूरच्या छपरांवर पाऊस पडून गेलेलाच होता. तो नालीतून गेला. अहमदपूरला तर रेल्वेमार्गच नाही, त्यामुळे तसली वेळ आल्यावर रुळावरून पाणी आणण्याचाही उपाय नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: टाकीत कशाला, बोअरमध्ये सोडा, जमिनीत साठेल. पुनर्भरण वाईट आहे असं कोणी म्हणणार नाही. पण आपल्या पायाखाली बालाघाटाचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत, आणि फट कुठून कुठे जाते हे घरमालकाला दिसत नाही. आपण सोडलेलं पाणी शेजारच्या खोल बोअरची मोटार उपसू शकते. गावाच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, पण मे महिन्यात आपल्या घरातली घागर त्याने भरत नाही. शिवाय छपराची धूळ आणि पाखरांची विष्ठा न गाळता बोअरमध्ये गेली तर खालचं पाणीही बिघडतं. म्हणून क्रम असा हवा: आधी टाकी, टाकी भरून ओसंडलेलं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरला किंवा आडाला. शासनाच्या बांधकाम नियमांत मोठ्या भूखंडांवर पाऊसपाणी संकलन बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते एका खड्ड्यावर भागवलं जातं, आणि तो खड्डा कधी कोणी उपसत नाही.

खरं कौशल्य पन्हाळीत आहे. पत्र्याच्या काठाला ती बसवताना उताराच्या टोकाकडे थोडी झुकती लागते, नाहीतर मध्ये पाणी साचून पालापाचोळा कुजतो. खाली येणाऱ्या पाइपाला टाकीच्या अलीकडे एक फाटा काढून त्याच्या तोंडाला झाकण लावायचं. मृगाची पहिली सर त्या फाट्याने बाहेर काढायची, कारण ती आठ महिन्यांची धूळ घेऊन येते आणि चहासारखी दिसते. पुढेही चार-आठ दिवस उघडीप पडली की पुन्हा सुरुवातीची काही मिनिटं पाणी सोडून द्यायचं. नंतर वाळू, कोळसा आणि खडीच्या थरांतून टाकीत. टाकी झाकलेली, अंधारी, हवेच्या वाटेवर बारीक जाळी लावलेली. उजेड नसला की शेवाळ धरत नाही आणि जाळी असली की डास शिरत नाहीत. तरीही पिण्याआधी उकळावं, याला सूट नाही. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही ही तक्रार घरोघरी आहे. पावसाच्या पाण्यात ती लवकर शिजते, हा लाभ हिशेबात कोणी धरत नाही.

बाग यात बसते का? टाकीतलं पाणी झाडांना घालू नये, एवढं ठाम सांगता येतं. कढीपत्ता, लिंबू, शेवगा यांना मोरीचं पाणी पुरतं. जुन्या माळवदाच्या घरांना मात्र हा उपाय लागू नाही. मातीच्या छतावरून उतरलेलं पाणी पिण्याच्या टाकीत घेऊ नये. ज्यांच्यावर स्लॅब किंवा पत्रा आहे त्यांच्यासाठी खर्च हीच खरी अडचण. सव्वादोन मीटर व्यासाची, दीड-पावणेदोन मीटर उंचीची टाकी जाळी-सिमेंटची बांधा किंवा तयार प्लास्टिकची आणा, पैसे लागतातच. पण ते एकदा लागतात. जारचे पैसे दर उन्हाळ्यात लागतात. एकदम झेपत नसेल तर 2,000 लिटरची टाकी घेऊन सुरुवात करावी. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, तेव्हा जून-जुलैचं पाणी खुशाल वापरून टाकावं आणि शेवटचा भरणा परतीच्या पावसावर करावा. पन्हाळ मात्र मे महिन्यातच बसवून घ्या. पहिल्या सरीनंतर प्लंबर मिळत नाही.